घंटेला उडी मारता येत नाही

रविवार, लंडन

सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एकानंही मान वर केली नाही. सँडविच, सेल्फी, सगळं होतं तसं चालू. वायव्येकडच्या मनोऱ्यात बारा घंटा आहेत, १८७८ साली ओतलेल्या, त्यातली सगळ्यांत मोठी तीन टनांच्या आसपास. त्या कुठलीही धून वाजवत नव्हत्या. वरच्या सुरापासून खालच्या सुरापर्यंत एक उतरती ओळ आली. पुन्हा तीच, पुन्हा तीच. मग ओळ सरकायला लागली. कुठला सूर कुठे गेला हे कान शोधेपर्यंत पुढची ओळ येऊन गेलेली असायची. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

याला चेंज रिंगिंग म्हणतात. एका घंटेला एक माणूस आणि एक दोर. सगळ्या घंटा एकदा वाजल्या की एक ओळ झाली. पुढच्या ओळीत क्रम बदलायचा, आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. चारशे वर्षं ही मंडळी हे करत आली आहेत, आणि तेही जवळपास फक्त इंग्लंडातच. अशा वाजवता येणाऱ्या घंटांचे पाच हजारांवर मनोरे या एका देशात आहेत; बाकीच्या जगातले सगळे मिळून त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मी ख्याल गाते, म्हणजे शिकते. आमच्याकडे मेरुखंड असतो, म्हणजे ठरावीक स्वरांचे होतील तितके सगळे क्रम: तीन स्वरांच्या सहा ताना, चारांच्या चोवीस, पाचांच्या एकशेवीस, असं करत सात स्वरांच्या ५०४०. हा हिशेब तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त मांडून ठेवलाय. लेस्टरला राहणाऱ्या माझ्या भाचीनं एकदा फोनवर सांगितलं, “मावशी, तुझ्या त्या पाच हजार चाळीस ताना इकडे घंटांवर वाजवतात. सलग. न थांबता.” राजाच्या राज्याभिषेकासाठी २०२३ साली देशभर नवे घंटावादक शोधण्याची मोहीम निघाली होती, त्यात ही ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेली आणि तिथेच रमली. तेव्हापासून हा प्रवास डोक्यात होता.

सोमवार, लंडन ते केंब्रिज

सकाळी व्हाइटचॅपल. अमेरिकेची लिबर्टी बेल आणि बिग बेन दोन्ही जिथे ओतल्या गेल्या ती फाउंड्री २०१७ साली बंद झाली. इमारत आहे, दार बंद आहे. इथे हॉटेल करायचं की पुन्हा भट्टी पेटवायची यावर बरीच भांडणं झाली. पाहण्यासारखं काही नव्हतं, पण न पाहता पुढे जाणंही बरं वाटेना.

तिथून चीपसाइडवर सेंट मेरी-ल-बो. या चर्चच्या घंटा जिथवर ऐकू येतात तिथे जन्मलेला तोच खरा कॉकनी, अशी लंडनकरांची जुनी व्याख्या. १९४१ सालच्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं आणि घंटा खाली कोसळल्या; आत्ताच्या १९५६ साली ओतल्या आणि १९६१ पासून वाजू लागल्या. सोमवारी दुपारी अर्थातच कुणी वाजवत नव्हतं. तळघरातल्या कॅफेत कॉफी प्यायले आणि केंब्रिजची गाडी पकडली.

मंगळवार, केंब्रिज

सेंट बेनेट्स चर्चचा मनोरा साधारण हजार वर्षांचा, केंब्रिजमधलं सगळ्यांत जुनं बांधकाम. आत सहा घंटा. चेंज रिंगिंगमध्ये ज्याचं नाव सगळ्यांत आधी घेतात त्या फेबियन स्टेडमनचा या चर्चशी संबंध जोडतात. हा मूळचा मुद्रक. १६६८ साली या कलेवरचं पहिलं पुस्तक त्यानं प्रसिद्ध केलं, आणि १६७७ साली दुसरं स्वतः लिहिलं. मुद्रकाच्या हाताला अक्षरांचे खिळे उलटसुलट लावायची सवय असणारच. त्याला हे वेड लागलं यात मला तरी नवल वाटत नाही.

स्टेडमनच्या आधीच्या पिढीत घंटेला पूर्ण चाक बसलं. आधी अर्ध्या किंवा पाऊण चाकावर घंटा नुसती डोलायची. पूर्ण चाक आल्यावर ती तोंड आकाशाकडे करून उभी राहू लागली. तिथून सुटली की पूर्ण गिरकी घेऊन दुसऱ्या बाजूनं पुन्हा तोंड वर. प्रत्येक गिरकीला एक ठोका. आणि वर, तोल साधलेल्या क्षणी, तिला थोडं रोखून धरता येतं किंवा थोडं लवकर सोडता येतं. सगळी कला या ‘थोडं’वर उभी आहे. थोडं रोखलं की घंटा ओळीत एक जागा मागे जाते, लवकर सोडली की एक जागा पुढे. त्याहून जास्त नाही. शेकडो किलोंचं काशाचं धूड मनात आलं म्हणून दोन ठोके आधी येऊ शकत नाही.

त्यामुळे ओळींचा प्रवास शेजाऱ्याशी जागा बदलत होतो. पाच घंटांचं सगळ्यांत साधं रूप मी चर्चबाहेरच्या बाकावर बसून वहीत उतरवलं:

१२३४५
२१४३५
२४१५३
४२५१३
४५२३१
५४३२१
५३४१२
३५१४२
३१५२४
१३२५४
१२३४५

एकेका आकड्यावर पेन्सिल फिरवत खाली या. प्रत्येक घंटा नागमोडी वाटेनं पुढून मागे आणि मागून पुढे जाते, मधे कुठेही उडी नाही. गोकुळाष्टमीला मुली गोफ विणतात ना, एक आत एक बाहेर, अगदी तसा विणला जाणारा हा गोफ, फक्त आवाजाचा. याला ‘प्लेन हंट’ म्हणतात आणि शिकाऊ माणसाला पहिल्यांदा हाच देतात. यात दहाच ओळी निघतात. पाच घंटांच्या १२० ओळी हव्या असतील तर मधेच ठरावीक ठिकाणी गोफ जरा वेगळा मुरडावा लागतो, आणि हे मुरडायचे जितके प्रकार तितक्या पद्धती. ग्रँडसायर, प्लेन बॉब, स्टेडमन ही त्यातली जुनी नावं.

संध्याकाळी ग्रेट सेंट मेरीज. बिग बेनच्या टोल्यांआधी जी चार-चार सुरांची धून वाजते, आणि आपल्याकडच्याही कितीतरी भिंतीवरच्या घड्याळांत जी तासातासाला वाजते, ती मूळ या चर्चच्या घड्याळासाठी १७९३ साली बांधलेली. वेस्टमिन्स्टरनं नंतर उचलली. पण ते हातोड्यांचं काम, घंटा जागची हलत नाही. कालपासून मी या भेदाबद्दल फार कडक झाले आहे.

बुधवार, नॉरिच

आजचा दिवस एका लाकडी फळ्यासाठी. सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट हे नॉरिचच्या बाजारपेठेला लागून असलेलं भव्य चर्च. एका बाजूला रंगीत कनाती, चिप्स आणि भाजीवाले. दुसऱ्या बाजूला दगडी मनोरा. भाचीच्या ओळखीनं आधी कळवून ठेवलं होतं म्हणून वर जाता आलं.

फळ्यावर तारीख आहे २ मे १७१५. त्या दिवशी इथे सात घंटांच्या ५०४० ओळी, एकही ओळ दुसऱ्यांदा न येता, वाजवल्या गेल्या. तीन तासांहून जास्त वेळ लागला. अशा लांब, सलग वादनाला पील म्हणतात, आणि संपूर्ण आणि खरी अशी ही पहिली पील मानतात. ‘खरी’ म्हणजे ‘ट्रू’, हा त्यांच्यातला पारिभाषिक शब्द: एकही ओळ परत आली नाही तर खरी, एक जरी आली तरी सगळी पील खोटी. वाजवून झाल्यावर, अगदी काही वर्षांनी, कुणी कागदावर ताडून पाहून चूक दाखवली तर ती नोंद काढून टाकतात. वाजवणारे बिचारे तीन तास उभे राहिलेले असतात, त्याचं काही नाही.

आणि नियम बघा. पील वाजवताना समोर कागद चालत नाही. सगळ्यांनी आपापली वाट पाठ करून यायचं. बदली माणूस नाही, पाणी प्यायला थांबणं नाही. आठवी, सगळ्यांत जड घंटा बहुधा प्रत्येक ओळीच्या शेवटी ठरल्यासारखी येते आणि वरच्या सातांचा खेळ चालतो. घंटा वाढवत नेल्या तर आकडा हाताबाहेर जातो: आठांच्या ४०,३२०, बारांच्या ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. बारा घंटांवर सगळ्या ओळी वाजवायच्या म्हटल्या तर दिवसरात्र वाजवूनही तीस वर्षांहून जास्त लागतील.

फळ्यासमोर उभी असताना मला गुरुजींचा मेरुखंड आठवत होता. आम्ही ५०४० कधीच गात नाही. पाचेक स्वरांपर्यंत घासून घ्यायचं, त्यातलं जे रागात बसेल ते गळ्यात उतरू द्यायचं आणि बाकीचं विसरायचं, हा आमचा रिवाज. भेंडीबाजार घराण्यात आणि पुढे उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात मेरुखंड दिसतो तो असा गाळून आलेला. इथे गाळणं हाच गुन्हा. सुंदर ओळ आणि कुरूप ओळ दोन्हींना सारखाच मान, प्रत्येकीला एकदाच. मला आधी हे रुक्ष वाटलं होतं. फळा पाहिल्यावरही थोडं वाटतंच.

गुरुवार, लेस्टरजवळचं एक गाव

भाची स्टेशनवर घ्यायला आली होती. गाडीत बसल्या बसल्या तिनं सांगितलं, “आज प्रॅक्टिस आहे, मावशी. साडेसातला. तुला वर यायचंय, आणि गुडघ्यांबद्दल आत्ताच सांग.” मी गुडघ्यांबद्दल काही बोलले नाही.

प्रत्येक मनोऱ्याची आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते. परगावचा वादक आला तर त्याला दोर हातात देण्याची रीत आहे, त्यामुळे हे लोक सुटीतही असेच मनोरे शोधत फिरतात. गावातलं चर्च लहान, सहा घंटांचं. गोल जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं खाली परत जायचं. कठडा नाही, एक जाड दोर भिंतीनं वर गेलेला, तो धरून चढायचं. वरची खोली मात्र घरगुती: जुना गालिचा, हीटर, चहाची किटली, भिंतीवर जुन्या पीलचे फळे. घंटा तिथे दिसत नाहीत. त्या आणखी वर. खोलीत उतरतात ते फक्त सहा दोर, आणि प्रत्येक दोराच्या वरच्या भागात लोकरीचा जाड गुबगुबीत, लाल-पांढरा-निळा पट्टा. त्याला सॅली म्हणतात.

टॉवर कॅप्टन सत्तरीच्या बाई, निवृत्त शिक्षिका, सगळ्यांना “मी डक” म्हणून हाक मारणाऱ्या. या भागात ते ‘बाळा’सारखं वापरतात. सगळे गोलात उभे राहिले. सर्वांत लहान घंटेवरचा माणूस ओरडला, “लुक टू!” सहा जणांनी हात सॅलीवर ठेवले. “ट्रेबल्स गोइंग.” दोर किंचित ताणला. “शीज गॉन.” आणि डोक्यावर गडगडाट सुरू झाला.

गडगडाट म्हणजे मी अपेक्षा केली होती तसा नव्हे. छत जाड असल्यानं आवाज खाली बराच मऊ होऊन येतो. जाणवतो तो मनोरा. भिंतीला हात लावला तर दगड हलतोय हे तळव्याला कळतं. पूर्ण फिरणाऱ्या घंटेचा आडवा रेटा तिच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणून चौकटीत घंटा वेगवेगळ्या दिशांना फिरतील अशा टांगतात, नाहीतर सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला धक्के दिले असते.

मी डोळे मिटून लय शोधली. सहा ठोक्यांची एक ओळ हाताची, म्हणजे हँडस्ट्रोकची, सहाची दुसरी ओळ परतीची, आणि दर दोन ओळींनंतर एका ठोक्याची मोकळी जागा. बारा आणि एक. म्हणजे तेरा मात्रांचं आवर्तन, तेरावी रिकामी. हे मी भाचीला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, “आम्हाला फक्त ‘हँडस्ट्रोकला जागा सोडा’ एवढंच सांगितलंय.” तो तेरावा ठोका एकदा कानात बसला की कोण उशिरा येतंय हे लगेच कळतं. चौथ्या घंटेवरचे काका सतत किंचित मागे होते. मी बोलले नाही, पण कॅप्टनबाई बोलल्या. शिक्षिकाच त्या.

वाजवणाऱ्यांचे डोळे पाहण्यासारखे असतात. कुणी आपल्या दोराकडे बघत नाही. बाकीच्या पाच दोरांत आपल्या आधी कुठला खाली येतोय हे टिपायचं, आणि तो दर ओळीला बदलतो. भाची दोन नंबरवर होती. ओठ हलत होते. ती आपली जागा मोजत होती, दोन, तीन, चार, पाच, शेवट, शेवट, पाच, चार. तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, ओठ जप करताना असेच हलायचे.

मधल्या सुटीत कॅप्टनबाईंनी मला दोर दिला. सॅली त्यांच्या हातात, दोराचं खालचं टोक माझ्या. मी फक्त परतीचा ठोका सांभाळायचा. पहिल्या खेपेला दोर वर गेला तो माझे हात घेऊनच गेला, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. “ओढू नकोस, मी डक, वर जाऊ दे, आणि वर पोचली की तिला वाट बघायला लाव.” घंटेला इथे सगळे ‘ती’ म्हणतात. दोर वर जाऊन क्षणभर जड होतो आणि मग एकदम हलका. त्या हलक्या क्षणी ती तोंड वर करून तोलावर उभी असते. तिथे बोटांनी नुसतं सांगितलं तरी ती ऐकते. त्याच्या आधी किंवा नंतर दोन्ही हातांनी लोंबकळलं तरी ऐकत नाही. फार जोर केला तर तिला अडवणारी लाकडी पट्टी मोडते, आणि मग घंटा फिरतच राहते, दोर वर खेचला जातो. अशा वेळी दोर सोडून द्यायचा, हा पहिला धडा.

भिंतीवर एक जुना छापील नियमफलक होता: टोपी घालून किंवा घोडेस्वारीच्या काटेरी टाचा घालून घंटा वाजवली तर दंड. सतराव्या-अठराव्या शतकात इथे पिंपातली बिअर आणि पैजा चालायच्या. चर्चच्या प्रार्थनेशी वादकांचा संबंध अनेकदा मनोऱ्याच्या दारापर्यंतच. बायकांना तर दोर मिळायलाच १९वं शतक संपत आलं. १८९६ साली ॲलिस व्हाइट हिनं मनोऱ्यातल्या घंटांवर पूर्ण पील वाजवली, असं करणारी ती पहिली स्त्री. आणि १९४० साली सरकारनं घंटांवर बंदी घातली. शत्रू उतरला तरच वाजवायच्या असं ठरलं. १९४२च्या नोव्हेंबरात एल अलामेनच्या विजयासाठी त्या पहिल्यांदा मोकळ्या झाल्या, तेव्हा सरावाअभावी वादनाची काय अवस्था झाली असेल यावर काका लोक अजून विनोद करतात.

नऊला सराव संपला आणि सगळे रीतीप्रमाणे पबमध्ये. चौथ्या घंटेवरचे काका निवृत्त इंजिनिअर निघाले. मेरुखंडाबद्दल मी सांगितल्यावर त्यांनी बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा उलटा करून पुढे केला. “लिहा.” मी तीन स्वरांचा प्रस्तार लिहिला, सा-रे-ग ऐवजी आकड्यांत, शार्ङ्गदेवांच्या क्रमानं:

१२३, २१३, १३२, ३१२, २३१, ३२१.

त्यांनी चष्मा वर केला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, मग तिसऱ्या. “हे वाजवता येणार नाही.” २१३ मधली पहिली घंटा १३२ मध्ये एकदम शेवटी गेली होती. मधल्या जागेत न थांबता. पुढे ३१२ वरून २३१ला जाताना तेच, शेवटची घंटा उडी मारून पुढे आली. त्यांनी खाली आपला क्रम लिहिला:

१२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२.

त्याच सहा ओळी. एकही कमी-जास्त नाही. फक्त वाट निराळी, प्रत्येक पाऊल शेजारी. आणि शेवटच्या १३२ वरून पहिल्या १२३ला परत घरी येता येतं, आमच्या ३२१ वरून येता येत नाही.

मी म्हटलं, आमचा क्रम वाजवण्यासाठी नाहीच. शार्ङ्गदेवांनी तो असा लावलाय की ५०४० पैकी अमुक क्रमांकाची तान कुठली, किंवा अमुक तान कितवी, हे कोष्टकावरून काढता यावं. नष्ट आणि उद्दिष्ट म्हणतात त्याला. गळ्याला वजन नसतं. तो कुठूनही कुठे जातो. तेव्हा तो क्रम सापडण्याच्या सोयीचा, यांचा हलण्याच्या सोयीचा. काकांना नष्ट-उद्दिष्ट फार आवडलं. त्यांनी ५०४० पैकी १००० वी तान कुठली ते मला तिथल्या तिथे काढून दाखवायला सांगितलं. मी सायडरचा ग्लास पुढे ओढून विषय बदलला.

निघताना त्यांनी एक सांगितलं ते मला झोपेपर्यंत पुरलं. स्टेडमनची पद्धत मुळात याच सहा ओळींवर उभी आहे. पुढच्या तीन घंटा आपसात सहाही क्रम वाजवतात, मागच्या घंटा जोडीजोडीनं जागा बदलत राहतात. सहा झाले की पुढून एक बाहेर, मागून एक आत, आणि पुन्हा सहा, या वेळी उलट वाटेनं. तिनांचं घासून घे, मग चौथा आण. गुरुजींनी मला अगदी हेच केलं होतं, आणि मी तेव्हा कंटाळले होते.

शुक्रवार, लफबरो

जॉन टेलर यांची फाउंड्री. सेंट पॉल्सच्या बारा घंटा इथल्या, आणि तिथली साडेसोळा टनांची ‘ग्रेट पॉल’सुद्धा, १८८१ सालची. ती वाफेच्या इंजिनानं रस्त्यावरून ओढत लंडनला नेली, त्याला आठवड्याहून जास्त लागला.

आत लोखंड, माती आणि किंचित घोड्याच्या लिदीचा वास. लीद खरीच असते. साच्याच्या मातीत वाळू, लीद आणि शेळीचे केस मिसळतात. तापल्यावर ते जळतात आणि वायूला बाहेर पडायला बारीक वाटा राहतात. आतला साचा, बाहेरचा साचा, मधल्या पोकळीत रस. साधारण ७७ टक्के तांबं आणि २३ टक्के कथील. इतक्या कथिलामुळे घंटा वाजते खणखणीत, पण ठिसूळही होते.

मी ज्यासाठी आले होते ते सुरात लावण्याचं यंत्र. घंटा उलटी ठेवून फिरवतात आणि आतल्या बाजूनं धातू तासतात. घंटा मुद्दाम थोडी जाड ओततात, कारण तासलेलं परत लावता येत नाही. एका घंटेत पाच सूर जुळवायचे असतात, आणि टेलरांनी ही पद्धत १८९६च्या सुमाराला बसवली. मार्गदर्शकानं मोठी घंटा हलकेच ठोकून एकेक सूर वेगळा ऐकवला. गाणाऱ्यांसाठी सांगते: मंद्र षड्ज, मध्य षड्ज, कोमल गंधार, पंचम, तार षड्ज. कोमल गंधार! प्रत्येक इंग्लिश घंटेच्या पोटात तो आहे. लग्नाच्या घंटासुद्धा किंचित उदास का वाटतात हे रविवारपासून मला छळत होतं, ते सुटलं. मी हळूच षड्ज लावून गंधार धरला तर घंटा अजून गुणगुणत होती, दोघी जुळलो.

फाउंड्रीच्या स्वतःच्या मनोऱ्यात २७ आणि २८ जुलै १९६३ला आठ जणांनी आठ घंटांच्या सगळ्या, ४०,३२० ओळी वाजवल्या. १७ तास ५८ मिनिटं. तेच आठ जण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मनोऱ्यातल्या घंटांवर हे दुसऱ्यांदा कुणी केलेलं नाही.

पुण्याहून आले म्हटल्यावर मार्गदर्शक म्हणाला, “मग तुमच्याकडे आमच्या आठ आहेत.” आहेत खऱ्या. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या चर्चच्या उंच मनोऱ्यात लफबरोच्या आठ घंटा आहेत. चाकावर पूर्ण फिरणाऱ्या घंटांच्या जागतिक यादीत पुण्याचं नाव येतं ते त्यांच्यामुळे. आपल्याला पंचहौद माहीत असतं ते १८९०च्या चहामुळे. टिळक, रानडे, गोखले तिथे चहा प्यायले आणि प्रायश्चित्ताचं प्रकरण पेटलं, तेच हे मिशन. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या आठ घंटाही इथूनच गेल्या.

संध्याकाळी क्वीन्स पार्कमध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९२३ साली बांधलेला कॅरिलॉन पाहिला. ४७ घंटा, वाजवणारा एक, समोर पट्ट्या. सुरेल प्रकरण आहे, लोक हिरवळीवर बसून ऐकतात. गुरुवारच्या खोलीनंतर मला मात्र त्यात एकट्या माणसाचा कंटाळा ऐकू आला. अन्याय असेल, पण वाटलं ते हे.

शनिवार, पुन्हा तेच गाव

भाचीची पहिली क्वार्टर पील. म्हणजे पाव पील, १२६० ओळी, पाऊण तास. पाच घंटांवर ग्रँडसायर, सहावी जड घंटा, म्हणजे टेनर, ओळीच्या शेवटी. पाचांच्या ओळी १२०च, म्हणून इथे तेच फेरे पुन्हा पुन्हा घेऊन १२६० पुऱ्या करतात. तिच्याकडे ट्रेबल, सगळ्यांत लहान. तिला फक्त आत-बाहेर नागमोडी जायचं होतं, पण पाऊण तास, एकदाही न चुकता. सकाळपासून तिनं पोह्यांना हात लावला नव्हता.

आम्ही बाहेरच्यांनी खाली कबरींमधल्या बाकांवर बसायचं. माझ्याबरोबर टेनरवाल्या गृहस्थांची पत्नी होती, विणकाम घेऊन आलेली. मी तेरावी मात्रा धरून बसले. सुरुवातीला ओळी खडबडीत होत्या, मग दहा मिनिटांनी काहीतरी जुळलं आणि ठोके सारख्या अंतरानं पडायला लागले. त्या बाईंनी विणता विणता मान हलवली. आपल्याकडे वाहवा म्हणतात त्या जातीची. अर्ध्या तासापर्यंत असं चाललं. मग दोन ठोके एकमेकांवर आदळले. एक ओळ सावरली, पुढची नाही, मधूनच संचालकाचा आवाज खिडकीतून खालपर्यंत आला, “तीन, पुढे! चार, मागे!” आणखी चार-पाच ओळी नुसता गोंगाट, आणि “स्टँड!” एकेक घंटा थांबली.

“फायर्ड आउट,” बाई म्हणाल्या आणि सुई काढून फास मोजायला लागल्या. अपुरी क्वार्टर पील कुठेही नोंदली जात नाही. अर्धा तास वाजलेलं वाजलं, बस.

भाची खाली आली ती रागानं लाल झालेली, पण चूक तिची नव्हती; तिची वाट शेवटपर्यंत बरोबर होती हे तीन जणांनी तिला सांगितलं. चूक कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही, कॅप्टनबाईसुद्धा. किटली लावली, लिंबाचा केक कापला. पुढचा प्रयत्न कधी, म्हणून सगळ्यांनी फोन काढले. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार ठरला, तर टेनरवाले म्हणाले, जमणार नाही, त्या दिवशी नातीचं लग्न आहे, याच चर्चमध्ये. मग त्या लग्नाला घंटा कोण वाजवणार, टेनरवाले स्वतः वाजवणार की वधूच्या बाजूनं पुढच्या बाकावर बसणार, आणि बसले तर टेनरवर कोण, ही चर्चा सुरू झाली. आम्ही गाडीत बसलो तरी ती चालूच होती.